सात विरुद्ध चार मतांनी नर

आमच्या घरातला कॉकटील पक्षी नर आहे. हे माझं मत नाही, कुराबिंडी पिंजरापक्षी मंडळाच्या कार्यकारिणीचा तो ठराव आहे. सात विरुद्ध चार मतांनी मंजूर झालेला. वर झालेले हात मी स्वतः मोजले, इतिवृत्त मी स्वतः लिहिलं आणि अध्यक्षांनी त्यावर माझ्यासमोर सही केली. मी या मंडळाचा एकोणीस वर्षं मानद चिटणीस आहे. नोकरीची एकतीस वर्षं पालिकेच्या पाणीखात्यात गेली. त्यामुळे कागदावर चढलेली गोष्ट खरी असते, असं मानायची मला सवय आहे. पुढे त्या पक्ष्याने अंडी घातली, ही गोष्ट वेगळी.

सुरुवात ईस्टरला झाली. आमचा बर्टी गेला. कॉकटील म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट. बर्टी त्यांतला साधा राखाडी, पिवळाधमक चेहरा, गालावर नारिंगी टिकल्या, वय वर्षं एकवीस. त्याला एक जुनी चाल येत होती. गावातल्या नाचाच्या हॉलमध्ये पूर्वी रात्रीचा शेवटचा नाच ज्या चालीवर व्हायचा, ती. सकाळ-संध्याकाळ तो ती शीळ घालायचा आणि माझी बायको एनिड स्वयंपाकघरात त्या तालावर बटाटे सोलायची. दोन वर्षांपूर्वी एनिडच्या डोळ्यांचं बिनसलं. बरोबर मधोमध धुकं, कडेकडेचं तेवढं दिसतं. वाचन गेलं, विणकाम गेलं, टीव्हीवरच्या मालिका नुसत्या आवाजावर राहिल्या. राहता राहिला होता तो बर्टी. त्याला लिंबाच्या झाडाखाली पुरल्यावर आठवडाभर ती काही बोलली नाही. मग एकदा चहा ओतताना म्हणाली, "घर फार गप्प झालंय, नेव्ह."

एवढंच. पण मी तिथल्या तिथे शब्द देऊन बसलो की ऑक्टोबरात, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातल्या वसंतात, भरणाऱ्या प्रदर्शनापर्यंत या घरात पुन्हा तीच चाल ऐकू येईल. पक्षी आणतो, शिकवतो आणि प्रदर्शनात शीळ घालणाऱ्या पक्ष्यांच्या स्पर्धेत सगळ्या गावासमोर तुला ऐकवतो. स्पर्धेची भर घालायचं काही कारण नव्हतं. पण मी चिटणीस असल्यामुळे कुठल्याही गोष्टीला मला समारंभ जोडावा लागतो.

आता अडचण अशी की चाल शिकतो तो नर. मादी चिर्र करते, भूक लागली की ओरडते, पण चालीच्या वाटेला सहसा जात नाही. म्हणजे नर हवा. राखाडी पक्ष्यात तो ओळखायला चिटणीस व्हावं लागत नाही. मोठा झालेला नर तोंडावरून पिवळा, मादीचा चेहरा मळकट आणि शेपटीखाली आडवे पट्टे. असे पक्षी आमच्या गावाबाहेर गव्हाच्या कोठारावर शंभरशंभरांनी बसतात आणि तारेवरच्या कुठल्याही पक्ष्याकडे बोट दाखवून शेंबडं पोरसुद्धा सांगेल की हा बाप आणि ती आई. घोटाळा होतो तो माणसांनी पैदा केलेल्या रंगांत. पिवळा-पांढरा, लाल डोळ्यांचा घ्या, त्याची शेपूट उजेडासमोर धरून पट्टे शोधत बसावं लागतं. मोतीदार घ्या, म्हणजे पाठभर मोत्यांसारखे ठिपके असलेला, तो आणखी बेरकी. आमच्या कार्यकारिणीतल्या कोल स्प्रॉटने एक देखणी मोतीदार मादी सासूबाईंना वाढदिवसाला दिली. सहा महिन्यांनी पिसं झडली, नवी आली, मोती गायब. साधा राखाडी पक्षी खिडकीत बसून शीळ घालू लागला. मोतीदार नर मोठेपणी मोती टाकून देतो, हे सासूबाईंना कोण समजावणार? कोलने भारीतला पक्षी चोरून हलका ठेवला, असं त्या अजून मानतात.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कबरा. त्याच्या अंगावर पांढरी-पिवळी ठिगळं कुठेही पडलेली असतात, चेहऱ्यावर आणि शेपटीवरसुद्धा. त्यामुळे ज्या खुणा बघायच्या त्या नेमक्या पुसलेल्या. मी कबरा घेतला.

त्याला कारण होतं, मी अगदीच खुळा नाही. कबऱ्याची पांढरी ठिगळं एनिडला डोळ्याच्या कडेने दिसली असती. मंडळाच्या वार्षिक विक्रीच्या दिवशी, बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये, आमचे अध्यक्ष एर्नी टकवेल यांच्या टेबलावर मला तो दिसला. छातीवर पांढरा, पाठीवर राखाडी, तुरा लोण्याच्या रंगाचा. एर्नी चाळीस वर्षं कॉकटील पाळतोय आणि तेवढीच वर्षं समोरच्याला हिणवतोय.

"कबरा घेतोस, नेव्ह?" तो म्हणाला. "काय घेतोयस ते कळतंय ना, गड्या?"

मागे तीन सभासद हातात पावात गुंडाळलेली सॉसेजं घेऊन कान टवकारून उभे होते. या क्षणी मी नुसतं "नर आहे ना?" एवढं विचारलं असतं, तर ही कथा इथेच संपली असती. पण एकोणीस वर्षांचा चिटणीस अध्यक्षाच्या टेबलाशी उभा राहून पक्ष्याचं नर-मादी विचारतो, हे मंडळाच्या इतिहासात शोभलं नसतं.

"एर्नी," मी म्हणालो, "मला बघताक्षणी कळतं."

"मग बरं," एर्नी म्हणाला आणि मागचे तिघे सॉसेज खायला लागले.

पक्ष्याचं नाव मेजर ठेवलं. पिंजरा मागच्या काचेच्या व्हरांड्यात. रोज सकाळी सातला अर्धा तास आणि संध्याकाळी पाचला अर्धा तास मी त्याच्यासमोर स्टुलावर बसून ती चाल शिळेवर वाजवू लागलो. बासष्ट वर्षांच्या माणसाने कवळी सांभाळत शीळ घालणं सोपं नसतं. पहिल्या आठवड्यात ओठ फुटले. मेजर मान तिरकी करून ऐकायचा, तुरा वर, तुरा खाली. एखाद्या सभेत मागे बसणारा माणूस जसा सगळं समजल्यासारखी मान हलवतो, तसा. मे गेला, जून गेला, जुलैही गेला. मेजरच्या तोंडून एक सूर निघाला नाही.

"शिकतोय का रे?" एनिड मधूनमधून विचारायची.

"पाया पक्का होतोय," मी म्हणायचो.

ऑगस्टमध्ये कुंपणापलीकडच्या कार्मेन झामितने विषयात लक्ष घातलं. कार्मेन मूळची माल्टाची, नवरा जाऊन सहा वर्षं झाली. ती कुंपणावर कोपरं टेकून म्हणाली, "नेव्हिल, तीन महिने मी तुझी शीळ ऐकतेय. एक तर तुझा पक्षी बहिरा आहे, नाहीतर ती बाई आहे."

"कार्मेन, तो नर आहे."

"तू बघितलंस?"

"तसं बघता येत नाही."

"मग माझी अंगठी आणते."

तिने लग्नाची अंगठी दोऱ्याला बांधून पिंजऱ्यात मेजरच्या डोक्यावर धरली. सरळ झुलली तर नर, गोल फिरली तर मादी. तिच्या आईने माल्टात या पद्धतीने अकरा बाळंतपणांचा निकाल आधी सांगितला होता आणि एकदाही चुकली नव्हती. अंगठी आधी सरळ झुलली. मी विजयी मुद्रेने कार्मेनकडे पाहिलं. तेवढ्यात ती गोल फिरायला लागली. कार्मेनने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. मग मेजरने चोचीने दोरा तोडला.

अंगठी दिसेना. आम्ही दोघांनी तळाचा सगळा भुसा चाळला, दाण्यांचा डबा उपडा केला. कार्मेन माल्टीज भाषेत कुठल्या कुठल्या संतांना हाका मारत होती आणि मी मेजरला पोटात काही दुखतंय का ते विचारत होतो. दोन तासांनी ती माझ्या पँटच्या दुमडलेल्या टोकात सापडली. "निकाल काय धरायचा?" मी विचारलं. कार्मेनने अंगठी बोटात घातली आणि ती घरी गेली.

त्यानंतर सल्ल्यांना पूर आला. कोल स्प्रॉट म्हणाला, आरसा दाखव, नर आरशाशी प्रेम करतो. मेजरने आरशाला पाठ दाखवली. एर्नी म्हणाला, पोटाखालची हाडं चाचप, मादीची एकमेकांपासून लांब असतात, मधे बोट मावतं. मी चाचपली. बोट मावलं की नाही ते सांगता येत नाही, कारण त्याच बोटाला मेजरने असा चावा घेतला की चार दिवस मी पट्टी बांधून हिंडत होतो आणि भेटेल तो विचारत होता, "मग? काय निघालं?"

शेवटी मी विज्ञानाचा आधार घ्यायचं ठरवलं. पीस पाठवलं की शहरातली प्रयोगशाळा नर की मादी ते कळवते. मी पिंजऱ्याच्या तळातलं एक स्वच्छ पीस निवडून पाठवलं. उत्तर आलं, गळलेलं पीस चालत नाही, मुळासकट उपटलेलं हवं. बोटाची आठवण ताजी होती, म्हणून मी आणखी आठवडाभर थांबलो आणि मग पिंजऱ्याच्या दाराशी एक पांढरं पीस मिळालं. त्याच्या देठाला थोडं काही लागलेलं दिसत होतं, तेच पाठवून दिलं. दुसरं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. नमुना पाळीव हंसाचा असून मादी आहे, असं त्यात म्हटलं होतं. मग एनिडच्या हंसाच्या पिसांच्या उशीची शिवण उसवलेली सापडली. पोस्टातल्या बाईंनी ते पाकीट कसं कोण जाणे आधीच उघडं आल्याचं सांगितलं, त्यामुळे निकाल मला मिळण्यापूर्वी गावाला कळला होता. खाटकाच्या दुकानात कुणीतरी मागून हंसासारखा आवाज काढला. मी मागे न वळता पाव किलो कीमा घेतला आणि ताठ मानेने बाहेर पडलो.

घरात मात्र एनिडने प्रदर्शनासाठी केस सेट करायची वेळ ठरवून टाकली होती. शिवणवर्गातल्या जुन्या मैत्रिणींना फोन करून तिने सांगितलं होतं, "नेव्हचा पक्षी आमची चाल वाजवणार आहे."  बायकोला या वयात एक गोष्ट हवी होती आणि ती एका पक्ष्याच्या शेपटीखाली अडकली होती.

तेव्हा मला नियम चौदा आठवला. मंडळाच्या घटनेत म्हटलंय, पक्षी नर की मादी याबाबत वाद उद्भवल्यास कार्यकारिणीचा बहुमताचा निर्णय अंतिम राहील. प्रयोगशाळा वगैरे नव्हत्या तेव्हाचा हा नियम. दोनदा तो काढून टाकायची सूचना आली आणि दोन्ही वेळा मीच उभा राहून त्याचं रक्षण केलं होतं. मी विशेष सभा बोलावली.

मेजरचा पिंजरा टेबलावर मधोमध ठेवला. अकरा जण हजर. ठराव मी मांडला, कोलने अनुमोदन दिलं. चर्चा पाऊण तास चालली. एर्नी अध्यक्षीय खुर्चीतून म्हणाला, "पक्षी माझ्या घरचा आहे. माझं मत विचाराल तर मला माहीत नाही. पण नेव्हला बघताक्षणी कळतं, असं तो म्हणालाय, तेव्हा मी काय बोलणार?" खजिनदार लॉर्ना पिमने 'नर' या शब्दाऐवजी 'बहुधा नर' अशी दुरुस्ती सुचवली. मी लक्षात आणून दिलं की प्रदर्शनात बहुधा नरांसाठी वेगळा गट नाही. दुरुस्ती फेटाळली गेली. मग मतदान. सात हात वर, त्यांतला एक माझा. चार विरुद्ध. मतमोजणी चालू असताना मेजरने गजांतून इतिवृत्तावर शिटलं, पण ते हरकत म्हणून नोंदवावं असं कुणी सुचवलं नाही.

त्या रात्री मला गाढ झोप लागली. पक्षी नर ठरला होता, आता शीळ घालणं फक्त बाकी होतं.

प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी, संध्याकाळच्या तालमीला मी स्टुलावर बसलो आणि पाहिलं तर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात मंडळाच्या बातमीपत्रावर, नेमकं चिटणिसांच्या मनोगतावर, एक अंडं. पांढरं, सुबक. मेजर त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे असं बघत होता की हे तुझंच का?

"नेव्ह? आज शीळ नाही?" स्वयंपाकघरातून एनिडचा आवाज आला.

मी अंडं खिशात घातलं आणि शीळ घातली. ओठ कोरडे पडले होते, अर्धी हवाच निघाली. दोन दिवसांनी दुसरं अंडं. मग तिसरं. तीनही मी मोज्यांच्या खणात ठेवली आणि एर्नीला फोन केला.

"एर्नी, ठराव मागे घ्यायचाय."

"का रे? कारण?"

"नवीन माहिती हाती आलीय."

"किती?"

"तीन."

पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. तो हसत नव्हता, हसू दाबत होता, ते जास्त लागतं. मग म्हणाला, "मंजूर ठराव फिरवायला चौदा दिवसांची लेखी सूचना लागते, नेव्ह. नियम तुझाच आहे."

"मग स्पर्धेतून नाव मागे घेतो."

"मुदत संपल्यावर घेता येत नाही. तोही तुझाच. मंडळाच्या लेखी तुझा पक्षी नर आहे, गड्या. तू अंड्यांचं काय ते घरी बघ."

एनिडला सांगावं असं मी रोज सकाळी ठरवत होतो. पण ती निळा ड्रेस इस्त्रीला काढून बसली होती. कडेच्या नजरेने इस्त्री फिरवत, प्रत्येक चुणी बोटांनी तपासत. मला धीरच झाला नाही. तोपर्यंत चौथंही अंडं खणात गेलं होतं. कायद्याने बांधलेला आणि बायकोला भ्यालेला माणूस जे करतो, ते मी केलं. काहीच केलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल भरला होता. लॉर्नाचे केक, चहाचं पिंप, दोनशे पिंजरे आणि उकाडा. एनिड पहिल्या रांगेत, शेजारी कार्मेन. एनिड मान किंचित बाजूला करून बसली होती, कारण समोरचं बघायला तिला बाजूला बघावं लागतं. परीक्षक बाहेरगावच्या मिसेस हॅलोरन, चष्मा साखळीला, वही छातीशी. प्रत्येक पक्ष्याला दोन मिनिटं. मालकाने पिंजऱ्यामागे उभं राहायचं आणि पहिल्या ओळीची आठवण म्हणून एकदा शीळ घालायला परवानगी.

"क्रमांक सात. मेजर. कबरा, नर," एर्नीने पुकारलं. 'नर' हा शब्द त्याने जरा जास्तच स्वच्छ उच्चारला.

मी पहिली ओळ वाजवली आणि थांबलो. मेजरने तुरा वर केला. शांतता. अर्धं मिनिट गेलं. कुणीतरी खोकलं. एक मिनिट. मी एनिडकडे पाहिलं. तिने हात मांडीवर घट्ट धरले होते, चेहरा सगळा कानात आला होता. मला ते बघवेना. मी पिंजऱ्याच्या कापडाआड मान घातली आणि ओठ शक्य तितके न हलवता दुसरी ओळ सुरू केली.

हॉलमध्ये कौतुकाचा हुंकार उठला. मला चेव आला. तिसरी ओळ, चौथी ओळ. मिसेस हॅलोरन जागेवरून उठल्या, पिंजऱ्याजवळ आल्या, आणखी जवळ आल्या. मी पाचव्या ओळीत असताना मेजरने अंग फुगवलं, शेपूट खाली दाबली, आणि सगळ्या गावाच्या देखत पाचवं अंडं घातलं.

शीळ माझ्या तोंडात दोन सूर तशीच पुढे गेली, थांबवेपर्यंत.

"चिटणीससाहेब," मिसेस हॅलोरन म्हणाल्या, "तुमचा नर चोच मिटून गातो आणि गाताना अंडी देतो. मला यासाठी वहीत रकाना नाही."

एर्नी उभा राहिला. "हरकतीचा मुद्दा. कार्यकारिणीच्या ठरावाप्रमाणे हा पक्षी नर आहे. सबब हे अंडं ग्राह्य धरता येणार नाही."

मग हॉल जो फुटला तो फुटलाच. लॉर्ना पिम केकवर डोकं ठेवून हसत होती. कोल स्प्रॉट हंसाचा आवाज काढत होता, म्हणजे खाटकाच्या दुकानातला तोच. मी पिंजरा उचलला आणि त्या सगळ्या हसण्यातून चालत पहिल्या रांगेपर्यंत गेलो. एकोणीस वर्षांत मिळवलेलं जे काही होतं, ते दाराबाहेर जाताना मला दिसत होतं, पण त्याचं मला काही वाटत नव्हतं. मला फक्त एनिडची भीती वाटत होती.

"एनिड, तो मी होतो," मी म्हणालो. "पक्षी मादी आहे. तिला एक सूर येत नाही आणि येणारही नाही. मी तुला फसवलं."

"मादी आहे हे मला जुलैपासून माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्या हातावर बसते तेव्हा बोटांना कळतं की. हाडं एकमेकांपासून एवढी लांब! डोळे गेलेत, बोटं नाही गेली."

"मग बोलली का नाहीस? मी तीन महिने मूर्खासारखा रोज..."

"म्हणून तर नाही बोलले." तिने चाचपत माझी बाही धरली. "बोलले असते तर तू थांबला असतास. ही चाल तू आमच्या फाटकाबाहेर उभा राहून वाजवायचास, नेव्ह. बाबा बाहेर आले की सायकल टाकून पळायचास. मग लग्न झालं, पुढे बर्टी आल्यावर तू ती त्याला शिकवलीस आणि ते काम त्याच्यावर टाकून मोकळा झालास. एकवीस वर्षं मी पक्ष्याची शीळ ऐकली. चांगली होती, पण पक्ष्याची होती. घर गप्प झालंय म्हटलं, तर तू आणखी एक पक्षी घेऊन आलास."

कार्मेनने पर्समधून रुमाल काढून नाक शिंकरलं.    मी पिंजरा खाली ठेवला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलो.

मेजर अजून अंग फुगवून अंड्यावर बसली होती. एनिडने गजांतून बोट आत घालून तिच्या गालावरून फिरवलं.

"उद्या हिला झोपू दे, दमलीय बिचारी," ती म्हणाली. "तू मात्र सातला ये."